सेल्फ मारतोय, पण गाडी चालू होत नाही: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं?



व्हिडिओत आपण जुन्या ओम्नीवर ही सगळी तपासणी करून दाखवली. पण व्हिडिओत प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत बसलं तर तासभर जातो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. गाडी बंद पडते तेव्हा व्हिडिओ बघायला रेंज असेलच असं नाही.

काही जण विचारतील, धंद्याच्या चॅनेलवर गाडीचं इंजिन कशाला? सोपं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचा धंदा एका सेकंडहँड व्हॅनवर उभा असतो. डबे पोचवणं, फुलं, भाजी, मंडपाचं सामान, बेकरीचे ट्रे. मारुतीची ओम्नी १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली, पण रस्त्यावर अजून भरपूर दिसते. स्वस्तात मिळते आणि माल भरपूर मावतो. दुसरे काही जण स्वतःच गॅरेज किंवा जागेवर जाऊन दुरुस्तीची सेवा काढायच्या तयारीत आहेत. दोघांनाही एकच गोष्ट यायला हवी: बिघाड कुठे आहे हे आधी शोधणं आणि मगच पैसे खर्च करणं.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. डब्यांचा धंदा, गाडी एमपीएफआय ओम्नी, सीएनजी बसवलेली. एका सकाळी सेल्फ छान मारतोय, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. पहिल्या ठिकाणी प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. गाडी चालू झाली नाही. दुसऱ्याने बॅटरी बदलायला लावली. तिसऱ्याने सांगितलं, "मॅडम, ईसीएम गेलाय." तोपर्यंत चार दिवस डबे रिक्षाने जात होते आणि तीन गिऱ्हाइकांनी दुसरा डबा लावला होता. शेवटी निघालं काय, तर टाकीतला पेट्रोलचा पंप जळालेला. हे समजायला पंधरा मिनिटं पुरली असती. कसं, ते पुढे येईलच.

तक्रार नीट ऐका

"गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात. किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज येतो आणि काही फिरत नाही, तर तो बॅटरी, तिची टर्मिनल किंवा सेल्फ मोटारीचा प्रश्न. इंजिन कण्हत कण्हत फिरतं, तर बॅटरी उतरलेली किंवा अर्थिंग कच्चं. आणि इंजिन नेहमीच्या जोरात फिरतं पण पकडत नाही, हा आजचा विषय.

बॉनेट उघडण्याआधी (ओम्नीत तर पुढची सीट उचलण्याआधी, कारण इंजिन तिच्या खाली आहे) मालकाला चार प्रश्न विचारा. शेवटची कधी नीट चालली? चालता चालता एकदम बंद पडली की रोज थोडी थोडी कुरकुरत होती? थंड असताना चालू होत नाही की गरम झाल्यावर? आणि शेवटचं काम कोणतं झालं? हा चौथा प्रश्न सोन्यासारखा आहे. काल कुणी म्युझिक सिस्टीम बसवली, इंजिन धुतलं, किंवा टायमिंग बेल्ट बदलला असेल आणि आज गाडी बंद असेल, तर शोध तिथूनच सुरू करायचा.

पाचवा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण विचारा: पेट्रोल आहे का? जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. पाव टाकी दाखवतो आणि आत थेंब नसतो. दोन लिटर ओतून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

जोरात फिरतंय, हे नक्की करा

कानाला जोरात वाटलं तरी मीटर लावा. साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत येतो. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली येणारच, पण ते साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल्फ कसाबसा फिरतो आणि करंट द्यायला, पंप चालवायला जोर उरत नाही. अशा वेळी आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुसऱ्या गाडीवरून जम्पर लावा. मग पुढचं बघा.

अर्थिंगसाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. कोकणात आणि किनारपट्टीला हा आजार फार. पट्टी काढून पॉलिश पेपरने घासायची आणि घट्ट बसवायची, झालं.

आणि एक, सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. चिडून किल्ली फिरवत राहिलात तर एका बिघाडाचे तीन बिघाड होतात: बॅटरी उतरते, सेल्फ मोटार तापते, प्लग पेट्रोलने भिजतात.

आता आवाज ऐका. धडधाकट इंजिन सेल्फवर फिरताना एक ताल असतो, दम खात खात फिरतं. ताल गेला आणि इंजिन नेहमीपेक्षा भरभर, एकसारखं, मोकळं फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्या. जुन्या ओम्नी आणि मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर फिरतो. त्याची टोपी काढून सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरला नाही, तर निदान तिथेच संपलं. ज्या गाडीला डिस्ट्रिब्युटर नाही तिथे इंजिन ऑइल टाकायचं झाकण काढून आतले रॉकर हलतात का, ते टॉर्चने बघा. बेल्ट तुटला असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्काही नको. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि बेल्टचं काम हेडच्या कामावर जातं. गाडी टोचन करून न्यायची.

किल्ली ऑन, सेल्फ नाही

एमपीएफआय गाडीत सगळ्यात फुकटची आणि सगळ्यात जास्त माहिती देणारी तपासणी हीच. किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा. दोन गोष्टी व्हायला हव्यात. मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. आणि मागून, टाकीच्या बाजूने, दोनेक सेकंद "झूंऽऽ" असा बारीक आवाज येऊन थांबला पाहिजे. तो पंप पेट्रोलचं प्रेशर तयार करतोय. रस्त्यावर गोंगाट असेल तर एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने टाकीशी कान न्यायचा.

पिवळा दिवा लागलाच नाही, तर बल्ब गेला नसेल हे धरून, ईसीएमला वीजच पोचत नाहीये. मुख्य फ्यूज, मुख्य रिले, अर्थिंग. इथे "ईसीएम गेला" म्हणणाऱ्याला विचारा, "त्याला बारा व्होल्ट येतात का ते मोजलंत का?" नव्वद टक्के वेळा, असं मी म्हणणार नाही कारण मोजलेलं नाही, पण फ्यूज आणि रिले ईसीएमपेक्षा कितीतरी आधी जातात एवढं नक्की.

दिवा लागला पण पंपाचा आवाज नाही, तर क्रम असा: आधी पंपाचा फ्यूज. मग रिले. फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा किंवा पंख्याचा. दोघांवरचे नंबर जुळतात हे बघून अदलाबदल करा. आवाज आला, तर काम रिलेच्या किमतीत संपलं. नाही आला, तर पंपाच्या सॉकेटवर मीटर लावून किल्ली ऑन करा. पहिली दोन सेकंद बारा व्होल्ट येतात का? येत नसतील तर वायर तुटलीय, पंप नाही. येत असतील, पंपाचं अर्थिंगही ठीक असेल, आणि तरी पंप गप्प असेल, तर पंप गेला. ताईंच्या गाडीत हेच होतं, व्होल्ट येत होते आणि पंप फिरत नव्हता.

आणि तो गेला का? सीएनजीमुळे. गॅसला दोष नाही, आपल्या सवयीला आहे. सीएनजी बसवलेल्या बहुतेक एमपीएफआय गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. मालक म्हणतो, पेट्रोल महाग, लिटरभर असलं की झालं. पण टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच गार राहतो. टाकी कायम कोरडीठाक ठेवली की पंप तापून तापून मरतो, आणि टाकीच्या तळाचा गाळही त्याच्या जाळीत बसतो. सीएनजी गाडीत पाव टाकी पेट्रोल ठेवणं हा खर्च नाही, पंपाचा विमा आहे.

काही कंपन्यांच्या जुन्या गाड्यांत अपघात झाला तर पेट्रोल बंद करणारा छोटा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यातही तो उडतो. त्यावरचं बटण दाबलं की गाडी चालू. माहीत नसलं तर अख्खा पंप बदलून होतो.

प्लग काढा: ओला की कोरडा?

आता मुख्य भाग. पेट्रोल इंजिनला चालायला पेट्रोल-हवा, करंट आणि कॉम्प्रेशन लागतं, तेही योग्य वेळी. यातलं काय गायब आहे हे दोन तपासण्यांत अर्ध्याहून जास्त कळतं.

पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एक प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं आहे की कोरडं? मग करंट बघायचा. जुना चांगला प्लग वायरीत बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, रबराच्या मुठीच्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टक् टक् वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी म्हणजे करंट कच्चा. वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, कॉईल आणि इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकतं. हातात तर मुळीच धरू नका.

इथे सावधगिरीचं बोलायलाच हवं. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि तुम्ही शेजारीच ठिणगी पाडताय. म्हणून ठिणगी बघताना पंपाचा फ्यूज काढा, चाचणीचा प्लग भोकापासून लांब टेकवा, सांडलेलं पेट्रोल पुसा. सीएनजी गाडीत आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. गॅसचा वास येत असेल तर ही तपासणी करायचीच नाही. ओम्नीत इंजिन सीटखाली असल्यामुळे आग थेट केबिनमध्ये. पाण्याची बाटली नाही, पावडरचा अग्निशामक जवळ हवा.

प्लग ओला आणि करंट नाही: पेट्रोलची बाजू सोडून द्या. कॉईल, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, वायरी, सेन्सर इकडे बघा. पावसाळ्यात तर टोपीच्या आत दव धरतं आणि करंट वाट सोडून पळतो. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसून गाडी चालू झालेली मी कैक वेळा बघितली आहे. रात्री बॉनेट उघडून अंधारात सेल्फ मारला तर फुटलेल्या वायरीतून निळ्या ठिणग्या उडताना डोळ्यांनी दिसतात. उंदरांनाही विसरू नका. चार दिवस उभी असलेली गाडी आणि कुरतडलेली वायर, ही जोडी ठरलेली. पद्मिनी किंवा ॲम्बॅसडरसारख्या त्याहून जुन्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंट जळून काळा झाला तर बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप लावा, तेवढ्यावर घरी पोचता येतं.

प्लग कोरडा आणि करंट चांगला: पेट्रोल पोचत नाहीये. खात्री करायची तर एअर फिल्टरच्या पाईपमधून थ्रॉटलच्या तोंडात कार्बोरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारा, बाजूला व्हा आणि सेल्फ मारा. दोन-तीन सेकंद पकडून बंद पडली, तर इंजिन आणि करंट ठीक, अडचण पेट्रोलच्या वाटेवर. एमपीएफआयमध्ये पंप, फिल्टर, इंजेक्टरची वायर. पंप आवाज करतो म्हणून प्रेशर देतोच असं नाही, गेजवर साधारण अडीच ते तीन बार दिसायला हवं. कार्बोरेटरच्या ओम्नीत पंप इंजिनवर असतो आणि आतला पडदा फाटतो. डिपस्टिक काढून वास घ्या. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पडदा फाटल्याचा संशय पक्का. कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने एक्सलरेटर ओढलात तर पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. धार नाही म्हणजे वाटीत पेट्रोल नाही.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरच्या काळातले रबरी पाईप, सील आणि पडदे त्यासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनाभर उभ्या असलेल्या जुन्या गाडीत फिल्टरमधलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करूनच पुढे जायचं.

प्लग ओला आणि करंटही आहे: हा जरा चिवट प्रकार. पहिली शक्यता, पेट्रोल ओव्हर झालंय. प्लग काढून पुसा, वाळवा. मग एक्सलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करायचं नाही, धरून ठेवायचं. बहुतेक एमपीएफआय गाड्या त्या स्थितीत पेट्रोल तोडतात आणि नुसती हवा ओढून आतलं साफ करतात. कार्बोरेटरच्या गाडीत चोक बंद आहे ना, तेही बघा. दुसरी शक्यता, वायरी उलटसुलट बसवल्या आहेत. ओम्नीच्या तीन सिलिंडरचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे, नवीन पोरगा प्लग बदलताना हमखास चुकतो. तिसरी, बेल्ट एखाद-दुसरा दात सरकलाय, तेव्हा गाडी कार्बोरेटरमधून फटाके मारते. चौथी, कॉम्प्रेशन नाही.

कॉम्प्रेशनसाठी सगळे प्लग काढा, कॉईल आणि पंपाचा फ्यूज काढा, एक्सलरेटर पूर्ण दाबा आणि एकेका सिलिंडरला गेज लावा. धडधाकट पेट्रोल इंजिन दहा ते बारा किलो दाखवतं. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडलेले असतील तर हेड गास्केट बघा.

प्लग कोरडा आणि करंटही नाही: दोन्ही एकदम गेलं की बहुधा दोघांना हुकूम देणारी वस्तू गेलेली असते. मुख्य रिले, सामायिक फ्यूज, इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा सेन्सर, किंवा इमोबिलायझर. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत सेल्फ मारताना काटा जरासुद्धा हलत नसेल तर सेन्सरवर बोट ठेवा. गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने चालू, असा खेळ करणारी गाडीही याच घरातली. किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा.

स्कॅनर लावायला हरकत नाही, पण फोनला जोडायचा स्वस्त स्कॅनर बऱ्याच जुन्या गाड्यांशी बोलतच नाही. आणि कोड आला तरी तो सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि तुटलेली वायर तशीच राहिली, हे रोजचं आहे.

आता धंद्याचं

गाडीचे मालक असाल, तर गॅरेजमध्ये फोन करताना "चालू होत नाही हो" म्हणू नका. म्हणा, "सेल्फ जोरात मारतोय, करंट निळा येतोय, प्लग कोरडा आहे, पंपाचा आवाज नाही, रिले बदलून बघितला." समोरचा माणूस वेगळ्याच सुरात बोलतो, आणि निघताना पंपाच्या सॉकेटचा मीटर सोबत घेतो. प्रत्येक पार्ट बदलताना जुना परत मागा आणि वहीत तारीख, किलोमीटर लिहा. इंजिनाचं कॉम्प्रेशनच गेलं असेल, तर खर्च करण्याआधी आरसी काढून बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. सहा महिन्यांनी तोच खर्च समोर येणार असेल, तर हिशेब बदलतो.

गॅरेज काढणार असाल, तर तपासणीची फी वेगळी लावा आणि पहिल्याच फोनवर सांगा. बहुतेक नवीन मुलं तपासणी फुकट करतात आणि पार्टच्या कमिशनवर कमवतात. मग बिघाड शोधण्यात त्यांचा फायदाच उरत नाही, पार्ट बदलण्यात उरतो. ताईंच्या तीन बिलांत हेच झालं होतं. तुम्ही समजा तीनशे-चारशे रुपये तपासणीचे घेतलेत, काम तुमच्याकडेच केलं तर ते बिलात वळते केलेत, आणि जॉब कार्डवर "बॅटरी १२.५, सेल्फवर १०.४, करंट चांगला, प्लग कोरडा, पंप सॉकेटला १२ व्होल्ट, पंप बंद" असं लिहून गिऱ्हाइकाच्या हातात दिलंत, तर काम त्याने दुसरीकडे केलं तरी तुमची मजुरी सुटते. तो कागद तो शेजाऱ्यालाही दाखवतो.

किटमध्ये सुरुवातीला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, प्लग पाना, एक चांगला प्लग, फ्यूजचा डबा, दोन रिले, जम्पर केबल, कार्बोरेटर क्लीनर आणि अग्निशामक एवढं पुरे. कॉम्प्रेशन आणि पेट्रोलच्या प्रेशरचं गेज पहिल्या दहा-पंधरा कामांच्या पैशांतून घ्या. डिझेल पिकअपवाल्यांचे फोन येतील तेव्हा मात्र ही यादी अर्धीच चालेल. तिथे करंट नसतो, लाईनमध्ये शिरलेली हवा, फिल्टरमधलं पाणी, हीटर प्लग आणि पंपावरचा स्टॉप सोलेनॉईड बघायचा असतो. त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय.